तीन सेकंदांची पायरी

मे महिन्यात आमच्या परसदारच्या पायरीवर एखादं पोर आपटलं, तर त्याचा गुडघा सोलवटून निघतो. जांभ्याचे चिरे ते. खोबरं किसून घ्यावं इतके खरखरीत. त्याच पायऱ्यांवर श्रावणात मी पडलो, तेव्हा मात्र अंगाला साधा ओरखडाही उठला नाही. पाय पुढे गेले, मी मागे राहिलो आणि उरलेल्या पायऱ्या बसल्या बसल्या उतरून विहिरीच्या वाटेवर पोचलो. कळशी माझ्या आधी पोचली होती. पुढचे तीन आठवडे मी पाटावर तिरका बसून जेवलो. दगड तोच, पायरी तीच, माणूस तोच. मग मे महिन्यातली किसणी ऑगस्टमध्ये साबणाची वडी कशी झाली?

पाऊस पडतो म्हणून, असं कुणीही सांगेल. पण मेमध्ये त्याच चिऱ्यावर बादलीभर पाणी ओतून मी अनवाणी नाचून पाहिलं आहे (भर दुपारी, घर झोपलेलं असताना). पाय तसूभरही हलत नाही. म्हणजे एकट्या पाण्याचं हे काम नव्हे. पाण्याला कुणीतरी सामील आहे.

जांभा हा मुळातच विलक्षण दगड. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला, म्हणून तांबडा. आणि आतून बाहेरून भोकंच भोकं. खाणीतून काढताना इतका मऊ असतो की हत्यारानं कापून चौकोनी चिरे पाडता येतात, आणि मग उघड्या हवेत राहून राहून तो कडक होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश वैद्याला मलबारातल्या अंगडीपुरमला तो दिसला. १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं या दगडाला विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ असं नाव दिलं. पुढे जगभरच्या भूशास्त्रानं ते उचललं. आपण मात्र जांभाच म्हणतो आणि त्याचे गडगे घालतो.

रत्नागिरीच्या बाजूला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. चिऱ्याची भोकं तेवढा काळ कोरडी होतच नाहीत. ओल, सावली आणि बसायला हजारो खोल्या! भाडेकरू येणारच.

ते भाडेकरू दोन जातीचे. एक मखमलीसारखं हिरवंगार, लुसलुशीत. त्याला आपण कौतुकानं हात लावतो. ते मॉस. नीट पाहिलं तर त्याला इवलीइवली पानं दिसतात. दुसरा थर काळपट हिरवा, पातळ, चकचकीत. उन्हाळ्यात तर नुसता मळ वाटावा असा. मला पाडलं ते यानं. ही नीलहरित शेवाळाची वस्ती. शास्त्रज्ञ यांना सायनोबॅक्टेरिया म्हणतात, कारण हे खरं तर उन्हावर जगणारे जिवाणू आहेत. यांच्याच पूर्वजांनी सोडलेला प्राणवायू सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत साठू लागला आणि पुढे श्वास घेणाऱ्या सगळ्यांची सोय झाली. एवढ्या जुन्या घराण्यावर पाय देऊन मी कळशी भरायला निघालो होतो.

यांची खरी करामत आहे ती त्यांच्या चिकात. प्रत्येक पेशी आपल्याभोवती साखरेच्या लांबच लांब साखळ्यांचं वेष्टण सोडते. सब्जाचं बी पाण्यात टाकलं की त्याच्याभोवती जेलीचा गोळा फुगतो, किंवा भेंडी चिरताना विळीला तार सुटते. हा चीक त्याच कुळीचा. कोरडं पडलं की पेशी या वेष्टणात स्वतःला गुंडाळून निपचित पडतात. संग्रहात कित्येक दशकं वाळवून ठेवलेलं नॉस्टॉक नावाचं असं शेवाळ पाणी मिळताच पुन्हा वाढू लागल्याच्या नोंदी आहेत. मग मेअखेर मेल्यासारखा दिसणारा आमच्या पायरीवरचा काळा पापुद्रा मृगाच्या पहिल्या सरीला जागा झाला तर नवल काय? पहिल्या पावसात धडाधड माणसं पडतात ती यामुळेही. डोळ्यांना पायरी अजून उन्हाळ्यातलीच दिसत असते.

(जाता जाता, पावसाळी भिंतींवर आणि माडांच्या खोडांवर जो नारिंगी-तांबूस रंग चढतो, तोही बहुतेकदा शेवाळाचाच. ट्रेंटेपोहलिया त्याचं नाव. जात हिरव्या शेवाळाची, पण गाजरातल्या रंगाच्या भाऊबंदांनी अंगातलं हिरवं झाकून टाकलेलं.)

आता घसरण्याकडे येऊ. इथे मला भेटला व्हिएन्नातला एक प्राध्यापक, योझेफ श्टेफान. तापलेल्या वस्तूतून किती उष्णता बाहेर पडते याच्या नियमात ज्याचं नाव भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं, तोच हा. १८७४ साली त्यानं एका घरगुती वाटणाऱ्या कोड्याचा छडा लावला. दोन सपाट काचा पाण्यात बुडवून एकमेकींवर ठेवल्या की त्या ओढूनही चटकन का सुटत नाहीत? उत्तर असं, की त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतातच. त्या सुटायच्या तर मधल्या फटीत पाणी शिरावं लागतं, आणि इतक्या चिंचोळ्या फटीतून पाण्याला धावता येत नाही. उलटही तितकंच खरं. दोन ओले पृष्ठभाग एकमेकांवर दाबले, तर मधलं पाणी बाहेर पडायला वेळ लागतो. तो वेळ संपेपर्यंत वरची वस्तू खालच्या वस्तूला टेकलेलीच नसते. ती पाण्यावर असते.

श्टेफानच्या सूत्रात मी माझी टाच घालून पाहिली. टाच म्हणजे सहा सेंटिमीटर व्यासाची सपाट चकती धरली आणि तिच्यावर माझं साठेक किलो वजन ठेवलं. मधल्या पाण्याचा थर १० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत, पातळ व्हायला किती वेळ? साधारण ०.०३ सेकंद. पापणी लवायच्या आत. मे महिन्यातल्या माझ्या नाचाचं रहस्य हेच: पाणी पळून जातं, चिऱ्याची टोकं तळव्यात रुततात, पाय थांबतो. आता पाण्याच्या जागी त्याच्या शंभरपट दाट चीक घ्या. वेळही शंभरपट होतो: तीन सेकंद. चालताना एक पाऊल जमिनीवर सेकंदभरही टिकत नाही. म्हणजे श्रावणात मी दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा, हिशेबानं पाहिलं तर, मी अजून त्या पायरीला पोचलोच नव्हतो.

हिशेब ढोबळ आहे. टाच काही सपाट चकती नसते, चीकही सगळीकडे सारखा दाट नसतो. पण सूत्रातली आणखी एक गंमत सोडवत नाही. थर जितका पातळ करायचा, त्याच्या वर्गानं वेळ वाढतो. आरशासारख्या घोटीव ग्रॅनाइटवर टोकंच मायक्रॉनभर उंचीची असतील, तर पाण्याचा थर १ मायक्रॉनपर्यंत खाली यायला हवा. त्याला साधं स्वच्छ पाणीही तीन सेकंद घेतं! शहरातल्या इमारतींच्या दाराशी पाऊस पडला की रखवालदार पुठ्ठे का अंथरतो, ते इथे कळतं. ब्रिटनमध्ये ओल्या फरशीचा खडबडीतपणा सूक्ष्म सुईनं मोजतात, आणि तो साधारण २० मायक्रॉनच्या वर असेल तर नुसत्या पाण्यानं घसरण्याचा धोका कमी धरतात. केसाच्या जाडीच्याही आतला मामला आहे हा. आपला जीव एवढ्याशा टोकांवर तरलेला असतो.

या हिशेबातून सुटायची एक युक्ती आहे आणि ती बेडकाला आपल्या फार आधीपासून ठाऊक आहे. समजा सपाट तळव्याचे शंभर छोटे तुकडे केले आणि मध्ये चर ठेवले. एकूण क्षेत्र तेवढंच, वजन तेवढंच. पण आता पाण्याला टाचेच्या मध्यापासून काठापर्यंत जावं लागत नाही, जवळच्या चरापर्यंतच जायचं असतं. सूत्र म्हणतं, शंभर तुकडे केले की वेळ शंभरावा होतो. झाडावरच्या बेडकाच्या बोटांची टोकं भिंगाखाली पाहिली तर तिथे नेमकं हेच आढळतं: मधमाशीच्या पोळ्यासारख्या षट्कोनी पेशी आणि त्यांच्यामधून पाण्याच्या गल्ल्या. ओल्या, गुळगुळीत केळीच्या पानावर तो निवांत बसतो तो या गल्ल्यांच्या जोरावर. मोटारीच्या टायरवरची नक्षीही त्याचसाठी. आणि टायर कापून केलेल्या जाड चपला घालून आपली माणसं चिखल तुडवत आली, त्यांनाही सूत्र न मांडता ते कळलेलं होतं.

आपल्या स्वतःच्या तळव्यांचं काय? लावणी करून आलेल्या बाईचे तळवे आठवा. सुरकुतलेले, पांढरे पडलेले. कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून सुरकुत्या पडतात असं वाटतं, पण बोटाची नस तुटलेली असेल तर त्या बोटावर सुरकुत्या पडत नाहीत. म्हणजे शरीर त्या मुद्दाम पाडतं. आतल्या रक्तवाहिन्या आखडून घेऊन. २०१३ साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगात सुरकुतलेल्या बोटांनी लोकांनी ओल्या गोट्या जास्त भरभर उचलल्या. या सुरकुत्या म्हणजे पाण्याला जायचे चर असावेत, असं काही संशोधक मानतात. सगळ्यांना ते पटलेलं नाही. मला मात्र ते खरं निघावंसं वाटतं. पाऊस लागला की अंगणात चर खणतो, तसे आपल्याच पायाला आपोआप चर पडत असतील तर किती छान!

तर पायरीची दुरुस्ती म्हणजे काय, हे आता वेगळंच दिसू लागतं. पायरी खडबडीत करणं हे नंतरचं काम. आधी विचारायचं, इथे पाणी येतं कुठून, थांबतं का, आणि कुणाला पोसतं.

मी पडलो ती दुसरी पायरी. पुढच्या पावसात छत्री घेऊन समोर उभा राहिलो तेव्हा दिसलं, की कौलांच्या पागोळ्या ओळीनं नेमक्या त्याच पायरीवर पडतात. दिवसरात्र, चार महिने. एवढं आयतं पाणी मिळाल्यावर शेवाळानं दुसरीकडे जायचं कशाला? पत्र्याची एक पन्हळ लावली, पाणी अळवाकडे वळवलं, निम्मा प्रश्न तिथेच मिटला. दुसरी गोष्ट ढाळाची. गवंड्यानं पाणसळ लावून पायरी अगदी सपाट केली होती आणि त्याचं त्याला कौतुकही होतं. पण उघड्यावरच्या पायरीला पुढच्या बाजूला शेकडा एक-दोन ढाळ हवाच, नाहीतर पाणी बसून राहतं. तिसरी, ऊन. पायरीवर झुकलेल्या लिंबाच्या दोन फांद्या छाटल्या.

मग साफसफाई. इथे बहुतेक जण चुकतात, मीही चुकलो होतो. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर कालवून ओतली, शेवाळ पांढरं पडलं, मी खूश. दुसऱ्या दिवशी पाय तसाच सरकला. शेवाळ मेलं तरी चीक जागेवरच होता! तो खरडून काढावा लागतो: दहा-पंधरा मिनिटं पावडरचं पाणी मुरू द्यायचं, मग नारळाच्या काथ्यानं किंवा ताठ ब्रशनं घासायचं, भरपूर पाण्यानं धुवायचं, आणि ते पाणी विहिरीकडे किंवा तुळशीकडे जाऊ द्यायचं नाही. एक मात्र डोक्यात पक्कं असू द्या. या पावडरमध्ये संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि तो फुप्फुसं जाळतो. जोराच्या फवाऱ्याचं यंत्र हल्ली भाड्यानं मिळतं. मऊ चिऱ्यावर मी ते वापरणार नाही. शेवाळाबरोबर दगडाचे दाणेही उडतात आणि पुढच्या वर्षीच्या भाडेकरूंना आणखी खोल खोल्या मिळतात.

काकूचा उपाय याहून जुना. पाऊस लागायच्या सुमारास ती अंगणापासून विहिरीपर्यंत माडाच्या झावळ्या अंथरून घ्यायला लावते. लहानपणी मला तो पसारा वाटायचा. आता पाहतो तर त्यात सगळं शास्त्र भरलेलं. झावळीखाली उजेड पोचत नाही, म्हणून शेवाळ धरत नाही. पाय पडतो तो पातींच्या शिरांवर, आणि पाणी शिरांच्या मधून खाली निघून जातं. बेडकाची गल्ली! मी पडलो त्या वर्षी ‘जुनाट दिसतं’ म्हणून मीच झावळ्या टाकू दिल्या नव्हत्या. काकू काही बोलली नाही. फक्त जेवताना माझ्या पाटावर उशी ठेवली.

पायरीच खरखरीत करायची असेल तर त्यालाही आपल्याकडे शब्द आहे: टाकी लावणं. पाटा-वरवंटा गुळगुळीत झाला की टाकीवाल्या बाया दारावर यायच्या आणि छिन्नीनं ठोकून त्यावर बारीक खड्डे पाडून द्यायच्या. तीच टाकी काळ्या दगडाच्या किंवा शहाबादी पायरीच्या पुढच्या चार बोटांत लावून घेतली की काम होतं. ग्रॅनाइटच्या दुकानात ‘फ्लेम फिनिश’ म्हणून जे मिळतं त्याची रीत मात्र थक्क करणारी आहे. दगडावरून तापलेली ज्योत फिरवतात. ५७३ अंश सेल्सियसला गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, कणांची आतली मांडणी एकदम बदलते, ते फुगतात आणि वरचा पापुद्रा ताडताड उडून जातो. राहतो तो खडबडीत दगड. टाकीचं काम आगीनं केलेलं. सिमेंटची पायरी असेल तर याची काहीच गरज नाही. फक्त गवंड्याला निरू घोटू द्यायचा नाही. ओल्या सिमेंटवर खराटा आडवा फिरवायचा. उभ्या रेघा मारल्या तर पाय रेघेतूनच सरकतो.

हल्ली किनाऱ्यावरच्या होमस्टेंना लाकडी डेक करायची हौस आली आहे. लाकूड सावलीत ओलं राहिलं की चिऱ्याइतकंच दगाबाज. दोन फळ्यांमध्ये पाचेक मिलिमीटरची फट ठेवली तर पाणी खाली गळून जातं. पण पाहुण्यांच्या टाचा अडकतील म्हणून सुतार ती बुजवतो, आणि मग पाहुणा आख्खाच जातो. फळ्यांवरच्या बारीक खाचा दिसायला छान, पण त्यात चिखल आणि चीक भरला की असून नसून सारख्याच. त्यापेक्षा पायरीच्या काठाला रंग द्यावा, तो ओला असतानाच चाळलेली कोरडी वाळू भुरभुरावी, वाळल्यावर सुटी वाळू झाडून वर आणखी एक हात मारावा. खर्च नगण्य. दर दोन-तीन पावसाळ्यांनी पुन्हा करावं लागतं, एवढंच.

फरशी घ्यायला गेलात तर खोक्यावर आर-१०, आर-११ असं छापलेलं दिसेल. हे आकडे जर्मन पद्धतीतले, आणि ते कसे काढतात हे कळल्यापासून मला त्यांच्याबद्दल फार जिव्हाळा वाटतो. फरशीची एक उतरण करतात, तिच्यावर इंजिन ऑइल ओततात आणि एका माणसाला ठरावीक बूट घालून, वरून दोरीनं बांधून, तिच्यावर पुढेमागे चालायला लावतात. उतरण हळूहळू तिरकी करत जायची. त्याचा पाय सुटेल असा कोन आला की थांबायचं. १९ ते २७ अंशांत सुटला तर आर-११. अनवाणी पायांसाठी वेगळी चाचणी, तिच्यात तेलाऐवजी साबणाचं पाणी. एवढ्या यंत्रयुगातही शेवटी एक माणूस घसरून दाखवतो, तेव्हा फरशीला नंबर मिळतो.

घसरण्याच्या जोडीला चुकणंही असतं. उतरताना पाऊल टाचेवर नव्हे, चवड्यावर आणि पायरीच्या काठाजवळ पडतं. म्हणून सगळी मेहनत त्या काठावरच्या चार बोटांत करायची. आणि पायऱ्यांची उंची एकसारखी हवी. सतराव्या शतकात फ्रान्सच्या फ्रांस्वा ब्लोंडेलनं नियम सांगितला, की दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची रुंदी मिळून माणसाचं एक पाऊल व्हावं, आजच्या मापानं सुमारे ६५ सेंटिमीटर. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरच्या जिन्याची पायरी १९० मिलिमीटरहून उंच आणि २५० मिलिमीटरहून अरुंद नको, असं आहे. पण मापापेक्षा सारखेपणा मोठा. दोन पायऱ्या चढल्या की पाय उरलेल्यांची उंची गृहीत धरतो आणि डोळ्यांना सुट्टी देतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ३६व्या रस्त्यावरच्या भुयारी स्टेशनात एक पायरी बाकीच्यांपेक्षा इंचाच्या अंशानं उंच होती. २०१२ साली एकानं तिच्यासमोर कॅमेरा लावला, तर माणसामागून माणूस त्याच एका पायरीवर ठेचकाळताना दिसला. ते चित्रण गाजलं आणि मग ती पायरी दुरुस्त झाली.

हे सगळं वाचल्यावर मी टेप घेऊन परसदारी गेलो. वरच्या तीन पायऱ्या साडेसहा इंचांच्या. चौथी आठ. पागोळ्यांच्या पाण्यानं वर्षानुवर्षं खालची माती वाहून नेलेली. गवंडी येऊन बघून गेला. म्हणाला, पाऊस उघडल्याशिवाय हात लावत नाही. तोवर चौथ्या पायरीच्या काठावर मी चुन्याचा दोन बोटं रुंद पट्टा ओढला आहे, रात्रीही दिसावा म्हणून. आठवड्याभरात पावसानं तो धुपतो. मग काकू बादलीत चुना कालवून ओट्यावर ठेवते आणि माझ्याकडे न बघता म्हणते, “झावळ्यांवर सांडू नको रे.”